चौदावी ओळ

त्या काचघरात फूल दिसणं म्हणजे आग लागल्यासारखंच होतं. बाहेरच्या जगात लोक फुलांसाठी झाडं लावतात, कळी धरली की चार घरी सांगत सुटतात. इथे चौदा बायका रोज सकाळी सात वाजता आत शिरायच्या त्या फूल उमलू नये म्हणून. कळी दिसली की खुडायची, पांढऱ्या ताटलीत टाकायची, मोजायची, आकडा सांगायचा, आणि कळ्या पिशवीत बंद करून वाफेच्या भट्टीकडे पाठवायच्या. हे रोजचंच. कळीला सुट्टीबिट्टी कळत नाही, त्यामुळे बायकांनाही पाळीपाळीनेच मिळायची.

झाडं दिसायला अगदी बापुडवाणी होती. तंबाखूची चुलत बहीण म्हणावी अशी, गुडघ्याएवढी, चिकट लव असलेल्या पानांची. पण त्यांच्यात माणसाचा एक जनुक बसवला होता आणि त्यामुळे पानांत एक प्रथिन तयार व्हायचं, रक्त गोठवणारं. काही मुलांच्या रक्तात ते जन्मापासून नसतं. त्यांना जरा खरचटलं तरी रक्त थांबता थांबत नाही. त्यांचं औषध या पानांतून निघायचं. दर तीन आठवड्यांनी पानं कापायची, पलीकडच्या इमारतीत त्यांचा रस काढायचा, आणि तो गाळून गाळून शेवटी बोटाएवढ्या बाटलीत चिमूटभर पांढरी भुकटी उरायची. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एका मुलीचा फोटो लावलेला होता, तिच्या आईने पाठवलेला. मुलगी सायकलवर बसलेली, गुडघ्यावर पट्टी, तोंडभर हसू. खाली आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पडली आणि उठली.'

आता फूल उमललं तर काय बिघडलं, असं नवीन बाई हमखास विचारायची. फूल उमललं की बोंड धरतं. बोंड पिकलं की फुटतं. बी असतं धुळीसारखं, एकेका बोंडात शंभर-दीडशे, आणि ते बुटाला, बाहीला, केसाला कशालाही चिकटून बाहेर जातं. बाहेर गेलं की कुणाच्या शेतात काय उगवलं आणि ते कुणाच्या तोंडात गेलं, हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून नियम एका ओळीचा होता. ज्या काचघरात बोंड फुटलेलं सापडेल, त्या काचघरातली झाडून सगळी झाडं भट्टीत घालायची.

अशा ठिकाणी अकरा वर्षांत जिच्या ओळीत एकही फूल उमललं नव्हतं, तिला बायका घारमावशी म्हणायच्या. चौदावी ओळ तिची. कामावर रुजू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने तीन ओळी पलीकडची, पानाआडची, तांदळाएवढी कळी उभ्या उभ्या दाखवली होती. तेव्हापासून ते नाव चिकटलं, आणि मावशीने ते दागिन्यासारखं मिरवलं. नवीन आलेल्या बाईला साहेब स्वतः तिच्यापाशी आणून सोडायचे आणि म्हणायचे, "हिच्या मागे आठ दिवस फिरा, मग माझ्याकडे या."

घारीला गेलं वर्षभर नीट दिसत नव्हतं.

डोळ्यांवर साय धरली होती. उजेड असला तर चकाकी, नसला तर धूर. मोतीबिंदू आहे, काढला की संपलं, हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण डॉक्टरकडे जायचं तर कामावर सांगावं लागणार. कामावर सांगायचं तर 'मला दिसत नाही' हे तीन शब्द तोंडातून काढावे लागणार. तेवढंच काय ते तिला जमत नव्हतं. दर सहा महिन्यांनी बायकांचे डोळे तपासायला एक माणूस यायचा. त्याचा तक्ता मावशीने पाठ करून टाकला होता, वरून खाली आणि खालून वर. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा.

सुरुवातीला भागलं, कारण तिची बोटं डोळ्यांच्या वरताण होती. कळीचा देठ पानाच्या देठापेक्षा किंचित ताठ लागतो. तो तिला बोटाच्या टोकाला कळायचा. पण चार महिन्यांपूर्वी नवा नियम निघाला, एकाऐवजी दोन-दोन हातमोजे घालायचे, आणि बोटंही आंधळी झाली. मग मावशीने एक चूक केली. अकरा वर्षांची इभ्रत असलेली बाईच करील अशी चूक. घरात नवऱ्याचं एक जुनं भिंग होतं, रुपयाएवढं. ते तिने एका फडक्यात गुंडाळलं, अंबाड्यात खोचलं आणि वर टोपी घातली. आत जाताना कपडे बदलतात, बूट बदलतात, हात कोपरापर्यंत धुतात, अंगावर हवेचा झोत घेतात. टोपीखालचा अंबाडा कोण सोडून बघतो? ओळीत कुणी नाही असं बघून ती भिंग काढायची, पानाआड डोळा लावायची, आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून खोचायची. दुपारी-संध्याकाळी भिंग तसंच घरी यायचं. सकाळी खिडकीत उभी राहून ती फडकं झटकायची, कारण भिंगाला धूळ चालत नाही.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि सून. मुलगा बोटीवर, वर्षातून दोनदा यायचा. सून त्याच काचघरात होती, आणि नुसती होती असं नाही, नोंदवही तिच्याकडे होती. चौदा ओळींचे आकडे लिहून घ्यायचे, संध्याकाळी सगळे गेले की ओळी तपासायच्या, खाली सही करायची. घरी जी 'आई, मोठं पातेलं कुठे ठेवू' म्हणून विचारायची, तिला इथे मावशी 'मॅडम, त्रेसष्ट' असा हिशेब द्यायची. या सोयरिकीवर बायकांनी थट्टा करून करून जिभा झिजवल्या होत्या. मॅडमनी आकडा कमी धरला तर आज घरी जेवायला मिळणार नाही हो, हा विनोद रेडिओ आठवड्यातून एकदा तरी करायचीच. रेडिओ म्हणजे तेराव्या ओळीतली. ती गप्प बसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

आकड्यांत मात्र एक गंमत होती. मावशी सांगायची त्रेसष्ट, आणि दुसऱ्या दिवशी वही वाचली जाताना सहज कान दिला तर निघायचे सदुसष्ट. मावशीला वाटायचं, आपणच मोजायला चुकलो. वय झालं.

कापणीच्या आदल्या दिवशी सकाळी सून निघता निघता खिडकीपाशी थांबली. खिडकीत कोरफडीची एक कुंडी होती आणि त्या कोरफडीच्या कडेला काहीतरी दुसरंच उगवून आता वीतभर झालं होतं.

"आई, हे काय आहे?"

"कुणास ठाऊक. आपणहून उगवलंय. मी आपली पाणी घालते बिचाऱ्याला," मावशी अभिमानाने म्हणाली. "माझ्या हाताला गुण आहे, दुसरं काय."

सून वाकून बराच वेळ बघत राहिली. तिने एक पान दोन बोटांत धरलं, मग बोटं एकमेकांवर घासली. तिचं तोंड मावशीला नीट दिसलं असतं तर पुढचं बरंच वेगळं झालं असतं.

"चला, उशीर होईल," एवढंच म्हणून सून पुढे झाली.

त्या दिवशी काम दुप्पट होतं. कळ्या तर खुडायच्याच, वर दुसऱ्या दिवशी कापणी म्हणून खालची पिवळी पानं काढून टाकायची होती. तीन वाजता साहेब येणार, कापणीच्या कागदावर सही करणार. अकराच्या सुमाराला मावशी ओळीच्या टोकाशी, भिंतीकडच्या शेवटच्या कुंडीपाशी ओणवी झाली. बुडाशी एक फुटवा निघून भिंतीच्या बाजूने आडवा पसरला होता, आणि त्यावर पिवळं पान मेलेल्या कागदासारखं चिकटलेलं. तिने पान ओढलं. बोटांखाली काहीतरी कुरकुरलं.

पान कुरकुरत नाही. मावशीने इकडेतिकडे पाहिलं, वरचा हातमोजा काढला, मग आतलाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या झाडाला उघड्या बोटांनी हात लावला. करंगळीच्या नखाएवढं बोंड. वाळलेलं. टोकाला चार भेगा पडून तोंड उघडं. तिने नख आत घातलं. आत काहीच नव्हतं.

बोंड इतकं वाळायला कितीतरी आठवडे लागतात. तेवढे आठवडे ते इथे होतं, आणि ती रोज सकाळी त्याच्यावरून हात फिरवून पुढे जात होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. मग दुसरा विचार आला. भिंग. ती याच टोकाशी, भिंतीच्या आडोशाला भिंग काढायची, कारण इथे कुणाची नजर पोचत नसे. फडकं याच फुटव्यावर ठेवायची. तेच फडकं सकाळी खिडकीत झटकायची. खिडकीत कुंडी होती, आणि कुंडीत तिच्या हाताचा गुण उगवला होता.

"मावशी, झोपलात की काय?" रेडिओ पलीकडून ओरडली. "उठा, उद्या कापणी झाली की झोपा!"

मावशीने मूठ मिटली. ताटलीत सकाळच्या कळ्या होत्या, त्या पिशवीत ओतल्या. मुठीतलं बोंडही त्यांच्याबरोबर आत पडलं. पिशवीवर चौदाचा आकडा. दोन वाजता सगळ्या पिशव्या भट्टीत जाणार, आणि वाफेतून काढल्यावर कळी कुठली न बोंड कुठलं हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. तिला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर मूठही झाकायची गरज उरली नव्हती.

"मॅडम, अठ्ठावन्न," तिने आकडा सांगितला.

"अठ्ठावन्न," सुनेने लिहून घेतलं, आणि मान वर केली नाही.

रोप मात्र घरी उभं होतं. सव्वा वाजता जेवणाची सुट्टी झाली तशी मावशी डबा न उघडताच निघाली. घर पायी दहा मिनिटांवर. वाटेत ती स्वतःला समजावत होती, की उपटायचं, चुलीत घालायचं, कुंडीची माती उकळत्या पाण्याने भाजायची, संपलं. काचघर वाचेल, उद्या पानं कापली जातील, मुलांना औषध मिळेल. कुणाचं काय वाईट झालं? असं म्हटलं की पाय भराभर पडत. मग आठवे की एका बोंडात शंभर-दीडशे बिया, आणि खिडकीखाली ओल्या मातीचा पट्टा, त्यापलीकडे शेजाऱ्यांची वाफ्यांची रांग. तिथे काय काय उगवलं असेल ते बघायला डोळे लागतात. तिच्याकडे ते नव्हते.

दार उघडून ती सरळ खिडकीशी गेली. हात पुढे केला आणि तो रिकाम्या कठड्यावर आपटला. कुंडी नव्हती. कुंडीच्या बुडाचा ओला गोल तेवढा बोटांना लागला.

"अहो! इथली कुंडी कुठे आहे?"

नवरा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. "सून घेऊन गेली की. तुझ्या आधी अर्धा तास आली होती. पिशवीत घातली, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, जशी काही आतून नागीणच निघणार आहे. म्हणाली, ऑफिसात लागते."

"आणखी काही बोलली?"

"मला म्हणाली, बाबा, खिडकी उघडू नका." म्हाताऱ्याने चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "काय चाललंय तुम्हा दोघींचं? सासू धावत येते, सून धावत येते, आणि जेवायचं कुणी नावच काढत नाही."

चोराच्या मनात चांदणं, तसं परतीच्या वाटेवर मावशीला जो तो आपल्याकडेच बघतोय असं वाटत राहिलं. सुनेला कळलं. आता ती साहेबांना सांगणार. सांगू दे, तिचं कामच आहे ते. पण मग सकाळी घरी का नाही बोलली? अठ्ठावन्न म्हणताना मान का नाही वर केली? आपल्याच घरातली पोर, आपल्याला चोरासारखं पकडून देण्यासाठी तीन वाजायची वाट बघते, हे मावशीला इतकं लागलं की तिला क्षणभर रागच आला. स्वतःचं सोडून माणसाला दुसऱ्याचा राग बरा येतो.

नोंदणीची खोली काचघराला लागून होती. मावशी पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसत नव्हते, म्हणून तिने दारातल्या एकीला विचारून घेतलं. सून टेबलाशी बसलेली. समोर दोन पिशव्यांत बंद केलेली कुंडी, आणि एक छापील कागद अर्धा भरलेला.

"दार लावा, आई."

कामाच्या जागी तिने 'आई' म्हटलं नव्हतं, कधीच. मावशीने दार लावलं.

"हे आपल्या काचघरातलं रोप आहे," सून म्हणाली. "तीन कळ्या धरल्यात. उमललेली एकही नाही, मी पुन्हापुन्हा बघितलं. एवढं तरी नशीब." तिचा आवाज एकसुरी होता, पाठ केल्यासारखा. "हे माझ्यामुळे घरी आलं. मी तसं लिहून देते आहे. साहेब आले की त्यांच्या हातात देणार. तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे, म्हणून थांबले."

मावशीला काही समजेना. "तुझ्यामुळे? ते कसं काय?"

"तुम्हाला दिसत नाही, आई." सुनेने हे इतकं साधेपणाने म्हटलं की मावशीला नाही म्हणायलाही सुचलं नाही. "मला वर्षभर माहीत आहे. सुईत दोरा ओवायला तुम्ही बाबांना देता, आणि बाबांना तर सुई धरताही येत नाही. धान्यातले खडे तुम्ही बोटांनी शोधता. मी बोलले असते तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी आत सोडलं नसतं. तुम्ही घरी बसून काय केलं असतंत? म्हणून संध्याकाळी सगळे गेले की मी चौदाव्या ओळीत जायचे. राहिलेल्या कळ्या खुडून तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत टाकायचे, आणि आकडा वाढवायचे. चार, पाच. कधी सातसुद्धा."

त्रेसष्टचे सदुसष्ट. मावशीने टेबलाची कड धरली.

"घाईत असायचे. कपडे न बदलता जायचे कधी कधी, टोपीसुद्धा न घालता. कुणी बघू नये म्हणून दोन मिनिटांत बाहेर. कुठेतरी एखादं बोंड नजरेतून सुटलं असणार माझ्या. बी माझ्या अंगावरून घरी आलं." सुनेने पेन उचललं. "बोंड अजून सापडलं नाहीय, पण असणार. साहेबांना सगळ्या ओळी तपासायला लावते. तुमचं नाव यात कुठे येत नाही. ओळ तुमची असली तरी सही माझी आहे."

आता नीट ऐका, कारण माणसाची परीक्षा अशा वेळी होते आणि बघायला कुणी नसतं. मावशीच्या पुढ्यात सगळं आयतं वाढून ठेवलं होतं. बोंड पिशवीत, पिशवी टोपलीत, टोपली पंधरा मिनिटांत भट्टीत. भिंग केसात. सून आपणहून मान पुढे करून बसलेली, आणि तिचं खरंही होतं अर्धंमुर्धं. घार घारच राहणार होती. मावशीला ते दिसलं, लख्ख दिसलं, आणि तिला स्वतःची किळस आली. कारण क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला बरं वाटलं होतं.

"पेन खाली ठेव," ती म्हणाली. "पिशव्या गेल्या का भट्टीत?"

"जातच असतील. का?"

मावशी उत्तर द्यायला थांबली नाही. ओसरीतून भट्टीच्या खोलीकडे ती धावली ती भिंतीला हात लावत लावत, एका ढकलगाडीला गुडघा आपटून घेत. मागून सून 'आई, आई' करत येत होती. भट्टीचं झाकण उघडं होतं आणि रेडिओ टोपलीतल्या पिशव्या एकेक करून आत टाकत टाकत कुणालातरी आपल्या नणंदेची गोष्ट सांगत होती. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

"चौदा!" मावशी ओरडली. "चौदा नंबर टाकलीस?"

"टाकली असेल," रेडिओ दचकून म्हणाली. "बहुतेक आधीच टाकली. का, काय झालं?"

मावशीने दोन्ही हात भट्टीत घातले. भट्टी अजून पेटली नव्हती, पण सकाळच्या फेरीने पत्रा तापलेला होता. चटका बसला तरी तिने हात काढले नाहीत. एक पिशवी वर काढली, डोळ्यांशी नेली. आकडे नुसते काळे डाग. दुसरी काढली. तिसरी. तिने पिशव्या छातीशी धरल्या आणि वळून सुनेपुढे केल्या.

"यातली चौदा कुठली ते सांग."

सुनेने मधली घेतली. टेबलावर नेऊन पांढऱ्या ताटलीत ओतली. अठ्ठावन्न कळ्यांत ते तपकिरी बोंड कुणालाही दिसलं असतं. रेडिओ पहिल्यांदाच अवाक झाली. मावशीने टोपी काढली, अंबाड्यात हात घातला आणि फडक्यातलं भिंग बोंडाशेजारी ठेवलं.

"चार महिने रोज आत-बाहेर," ती म्हणाली. "फडकं मी खिडकीत झटकायची. तुझ्या अंगावरून काही आलं नाही. माझ्या डोक्यावरून आलं."

सुनेने भिंगाकडे पाहिलं, बोंडाकडे पाहिलं. मग तिचा जो बांध फुटला तो रडण्याचा नव्हता, रागाचा होता. "केसात? आई, केसात? मला सांगायचं होतंत ना एकदा! मी तुमच्या मागे मागे खुडत फिरते, तुम्ही माझ्यापासून लपवून भिंग लावता, आणि मधल्यामध्ये हे फुटतं! दोघी मिळून एक ओळ धड बघू शकलो नाही!"

"तू तरी कुठे सांगितलंस," मावशी म्हणाली.

साहेब तीनला आले. नव्वद सेकंदांत त्यांना सगळं सांगून झालं, कारण खरं सांगायला वेळ लागत नाही. बाकीच्या बायका दारात गोळा झालेल्या.

"औषधाचा साठा सहा आठवड्यांचा आहे," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही असे. "नवीन झाडं लावून पानं हाती यायला दहा. मधले चार आठवडे कुठून आणायचे ते आज रात्रीपर्यंत मला बघावं लागेल. जिथे जिथे उसनं मिळेल तिथे मागावं लागेल. आणि तुमच्या गल्लीतली सगळी माती." मग ते मावशीकडे वळले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. "मावशी, एवढं बोंड तुम्हाला दिसलं कसं नाही? तुम्ही तर घार."

बायका दारात दाटीने उभ्या होत्या. मावशीला त्यांची तोंडं दिसत नव्हती, नुसते पांढरे कपडे.

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

छत काही कोसळलं नाही. रेडिओ कुठेतरी मागे हुंदका देऊन गेली, तेवढंच.

साहेबांनी मान हलवली. "हे काचघर आज जाईल. पण भट्टीत जाण्याआधी प्रत्येक झाड तपासायचं. कळी, बोंड, फुटवा, सगळं मोजून लिहायचं. आणखी बोंडं असतील तर मला कळलं पाहिजेत. मावशी, तुम्ही आत जाऊ नये."

"नोंदीवर ओळीच्या बाईचा अंगठा किंवा सही लागते," सून म्हणाली. "नियम आहे. ती हजर लागते. मी बरोबर राहीन."

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाजूला झाले.

कपडे बदलायच्या खोलीत मावशी फोटोसमोर थांबली. ती मुलगी तिला आता नुसता एक रंगीत ढग दिसत होती, पण गुडघा कुठे आहे आणि पट्टी कुठे आहे हे अकरा वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. चार आठवडे तिला सायकलवर बसू देऊ नका, असं त्या आईला कुणीतरी फोन करून सांगणार होतं. मावशीला वाटलं, तो फोन आपण करायला हवा. तिने तसं सुनेला सांगितलंही. सून म्हणाली, आधी ओळ.

चौदाव्या ओळीत त्या दोघी पहिल्यांदाच एका वेळी उभ्या राहिल्या. मावशी पुढे, सून वही घेऊन तिच्या खांद्याशी. बाकीच्या ओळींत बायका कामाला लागलेल्या, कुणी बोलत नव्हतं.

"डावीकडे, आई. वरचं पान उचला. त्याच्या खाली."

"ही?"

"ही नाही, तो पानाचा देठ आहे. आणखी आत. हां."

मावशीने खुडली, ताटलीत टाकली. "एक."

"एक," सून म्हणाली आणि तिने लिहिलं.

असं करत करत दोघी ओळीच्या टोकाला, भिंतीपाशी पोचल्या. आणखी एकही बोंड सापडलं नव्हतं. शेवटच्या कुंडीपाशी मावशी गुडघ्यांवर बसली, सूनही बसली, आणि चार हातांनी तो आडवा फुटवा त्यांनी मुळापर्यंत तपासला. त्याच्या टोकाला एक कळी होती, उद्या-परवा उमलली असती अशी भरलेली.

"सकाळच्या धरून किती झाल्या?" मावशीने विचारलं.

"तुम्ही सांगा आधी."

"बहात्तर."

सुनेने वही तिच्यापुढे धरली, मग आठवून ती पुन्हा जवळ घेतली आणि मोठ्याने वाचलं. "बहात्तर."

मावशीने सही कुठे करायची ते विचारलं. सुनेने तिचं बोट धरून जागेवर ठेवलं, आणि बाहेर पहिली ढकलगाडी झाडं न्यायला येऊन थांबली.